बटण दाबलं की पंखा अर्धा फिरतो आणि थांबतो: बाबांचा जुना कॉम्प्युटर

केवडा

नमस्कार मंडळी. चतुर्थीला कुडाळला घरी आले आहे आणि बाबांचा कॉम्प्युटर तीन दिवसांपासून सुरूच होत नाहीये. २०१३ साली असेंबल करून घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज सेव्हन.

बटण दाबलं की पुढचा निळा दिवा लागतो, आतला पंखा अर्धा वेढा घेतो आणि सगळं थांबतं. दोन-तीन सेकंदांनी आपोआप पुन्हा तोच प्रयत्न. असं चार-पाच वेळा होतं, मग गप्प. बीप वगैरे काही नाही. मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बाबा म्हणतात की महिनाभर रोज सकाळी पाच-सहा वेळा बटण दाबावं लागत होतं, पण एकदा लागला की रात्रीपर्यंत नीट चालायचा.

दुसरा प्लग, दुसरी केबल करून पाहिली. धूळ ब्रशने काढली. एका दुकानात नेला तर न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला. नवीन घ्या, अठ्ठावीस हजार. डिस्क फॉरमॅट करून त्यातच बसवून देतो." फॉरमॅट शब्द ऐकून मी डबा उचलून घरी आणला.

कारण हे: बाबा नऊ वर्षं आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत आहेत. गावोगाव फिरून, जुने कागद वाचून, म्हाताऱ्या माणसांना विचारून. सगळं त्या डिस्कवर आहे. शेवटची कॉपी २०१९ च्या पेन ड्राइव्हवर. वय ७६. काल त्यांनी आईने शिवलेलं कव्हर त्या बंद कॉम्प्युटरवर घातलं आणि पेपर वाचत बसले. माझ्याच्याने ते बघवलं नाही. काय करू, कुठून सुरुवात करू, सांगा.

---

दुपारचा चहा

बारा वर्षं म्हणजे खूप झालं हो. विंडोज सेव्हनचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्यावर खर्च करू नका. डिस्क काढून घ्या, डेटा नव्या मशीनवर टाका, विषय संपला.

---

रात्रपाळी

मॉनिटरची केबल नीट बसली आहे का ते आधी बघा. शिवाय रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात दहातले चार याच्यावर सुटतात, माझ्या अनुभवात तरी.

---

सोल्डरमामा

केवडाताई, पहिली गोष्ट: बटण दाबणं आत्ताच्या आत्ता बंद करा. दर प्रयत्नाला डिस्कला अर्धवट वीज मिळते. तिची तबकडी फिरायला लागते न लागते तोच वीज जाते. चांगली डिस्क त्याने लगेच मरत नाही, पण नऊ वर्षांचं काम असेल तर मी हा जुगार खेळणार नाही.

प्लग काढा. कॅबिनेटचं डावं झाकण काढा, म्हणजे पुढून बघताना डाव्या हाताचं, मागे दोन स्क्रू असतात. आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग डिस्कला लागलेल्या दोन केबल काढा, एक रुंद विजेची, एक अरुंद डेटाची. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या, जाड सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. आता उरलेल्या मशीनचं काहीही झालं तरी बाबांचं लिखाण सुरक्षित.

आता आजाराबद्दल. सांगलीला माझं दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं होतं. तुम्ही दिलेली एक माहिती मला सगळ्यांत मोलाची वाटते: सकाळी लागत नाही, एकदा लागला की दिवसभर चालतो. मदरबोर्ड गेला तर सहसा असं होत नाही. हे बहुतेक एसएमपीएसचं दुखणं, म्हणजे मागच्या बाजूला पंखा असलेला तो लोखंडी डबा, जिथे आपण पॉवर केबल लावतो.

एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. त्यात कपॅसिटर असतात, छोट्या पिंपांसारखे, आत ओलसर द्रव. वर्षानुवर्षं उष्णतेने तो द्रव सुकत जातो. मग गार असताना कपॅसिटर नीट काम करत नाहीत, गरम झाले की बरे चालतात. म्हणून पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला लागायचा, कारण आधीच्या पाच प्रयत्नांत ते जरा तापायचे! आता इतके सुकले की तेही पुरत नाही.

आणि तो अर्धा वेढा का? एसएमपीएस सुरू झाला की सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर एका करड्या वायरीतून मदरबोर्डला 'सगळं ठीक आहे' असा निरोप देतो. पाव-अर्ध्या सेकंदाचा मामला असतो. तो निरोप नीट पोचला नाही तर बोर्ड पुढे जातच नाही. बिचारा बोर्ड दारात उभा आहे, आतून कोणी 'या' म्हणत नाही.

दुसरा चालता एसएमपीएस कुणाकडून मागून आणा, फक्त तपासायला. शेजारीपाजारी एखादा बंद पडलेला कॉम्प्युटर माळ्यावर असतोच. आणि कृपा करून एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

---

पावशेर मीठ

माका वाटता पावसात आमच्या हंय सगळ्यांचेच कॉम्प्युटर असेच करतत.

बाकी प्रमाण भाषेत सांगते. आमच्याकडे बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. उघडून बघितलं तर पॉवर बटणाच्या मागे मुंग्यांनी घर केलेलं, अंड्यांसकट. बटण आतपर्यंत जायचंच नाही. मुंग्या काढल्या, बटण चाललं. दुसऱ्या वर्षी एसएमपीएसच्या पंख्यात पाल. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लोक जेवत असतील.

---

हडसनकाठ

एसएमपीएसचा विषय निघालाच आहे तर. जुन्या एसएमपीएसच्या मागे एक छोटी लाल सरकपट्टी असते, ११५ आणि २३०. मी न्यू जर्सीहून पुण्याला कॉम्प्युटर घेऊन आलो होतो. दिवाळीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, मोठ्या अभिमानाने सगळ्यांसमोर प्लग लावला. पट्टी ११५ वर. जो आवाज झाला तो बाहेरच्या लवंगी माळेपेक्षा मोठा होता, आणि आजी म्हणाली, "अमेरिकेचा फटाका चांगला आहे." मागून आणलेल्या एसएमपीएसला अशी पट्टी असेल तर ती २३० वर आहे ना, ते बघूनच लावा.

---

गणितवेडी

सोल्डरमामांशी सहमत, एका भरीसह. खोडरबराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, रात्रपाळी. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, वरचेवर घासला तर निघतो, आणि रबराचा चुरा खाचेत अडकतो. मऊ सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, औषधाच्या दुकानात मिळतं. बहुतेक वेळा रॅम नुसती काढून परत बसवण्यानेच काम होतं, श्रेय रबराला जातं.

शिवाय इथे पंखा अर्ध्या सेकंदात थांबतोय. रॅमचा दोष असेल तर पंखा सहसा फिरत राहतो आणि बीप येतात, किंवा नुसता काळा पडदा राहतो.

---

रात्रपाळी

गणितवेडी, वीस वर्षं ऑफिसांतले कॉम्प्युटर बघतोय, खोडरबराने एकही रॅम मेलेली पाहिली नाही. पण चुऱ्याचा मुद्दा मान्य. मी नेहमी फुंकर मारतो.

---

गणितवेडी

फुंकर तर अजिबात नको! थुंकीचे कण जातात. :)

---

सोल्डरमामा

दोघांचंही बरोबर आहे. दुकानात मीही रबर वापरायचो, पण पांढरं, मऊ, आणि वर्षातून एकदाच. शाईचं खरखरीत रबर कधीच नाही. आता मूळ मुद्द्यावर येऊ.

---

तात्या वायरमन

सगळे आत बघताहेत, भिंतीकडे कुणी बघत नाही. केवडा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? टेस्टर लावून बघ. दिवा लागला तर तुमच्या भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग नाही.

एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यांतून गळणारी किरकोळ वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो, ११५ च्या आसपास. करंट अगदी कमी, माणूस मरत नाही, पण हात झटकला जातो, आणि मॉनिटर किंवा प्रिंटर जोडताना ठिणगी उडते. कोकणातल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नसते. मी स्वतः शेकडो उघडलेत.

मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या. आणि केला की उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, ते लोक विसरतात. कोरड्या खड्ड्याचा उपयोग नाही.

---

निळासागर

तात्या, मडगावला आमच्याकडे अगदी हेच. मी समजत होतो माझ्या त्वचेलाच काहीतरी झालंय, डॉक्टरकडे जायचा बाकी होतो.

एक अवांतर प्रश्न. सगळे लोक या सगळ्या खोक्याला 'सीपीयू' का म्हणतात? सीपीयू म्हणजे आतली चौकोनी चिप ना?

---

पावशेर मीठ

आमच्या शाळेत शिकवलंच तसं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, सीपीयू. चार चित्रं, चार नावं, परीक्षेत चार गुण.

---

सोल्डरमामा

दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "सीपीयू आणलाय." मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही. चक्की म्हणजे खरं तर पीठ दळायचं दगडी जातं, पण गिरणीलाही आपण चक्की म्हणतो की. लोकांना कळतं ना, मग झालं.

---

केवडा

अपडेट. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तात्या, टेस्टरचा दिवा लागला. आपण म्हणाला तसाच. वायरमनना सांगितलं आहे, चतुर्थी झाल्यावर येतील. तोवर कॉम्प्युटरसाठी स्वयंपाकघरातला सॉकेट वापरते आहे, तिथे अर्थिंग आहे, बॉडीला टेस्टर लावला तर दिवा लागत नाही.

डिस्क काढली. पण आता माझा जीव वर-खाली होतोय. भाच्याकडे डिस्क यूएसबीला जोडायची केबल होती, ती माझ्या लॅपटॉपला लावली. काहीच नाही. डिस्क फिरण्याचा आवाजसुद्धा नाही. कानाला लावून बघितलं. मेली का? बाबांना अजून सांगितलं नाही.

---

सोल्डरमामा

शांत व्हा. ती केबल लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची असणार, अडीच इंची. ती डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. तुमची साडेतीन इंची आहे, तिची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबीतून १२ व्होल्ट येत नाहीत. तिला वेगळा अडॅप्टर असलेली केबल लागते. आवाज न येणं इथे अपेक्षितच होतं. टक-टक-टक असा आवाज आला असता तर मी घाबरलो असतो. डिस्क परत कापडात गुंडाळा.

---

केवडा

मामा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरंच.

---

पिंपळपान

डिस्कचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं तळमजल्यावरचं ऑफिस पूर्ण पाण्यात गेलं. छताच्या पंख्याला चिखल होता. दोन कॉम्प्युटर. पाणी ओसरल्यावर चुलतभावाने एकाची डिस्क उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी लावून बघितली. खरखर आवाज आला आणि संपलं. दुसरी मी लावली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या डब्यात घालून तशीच पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे नेली. त्यांनी सांगितलं की वाळवली नाहीत हे फार चांगलं केलंत, चिखल वाळला की तबकडीला चिकटतो. तिच्यातलं जवळपास सगळं मिळालं. वडिलांचे जमिनीचे नकाशे, आणि माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो.

पहिल्या डिस्कवर काय होतं याची यादी मी अजून करतोय, चार वर्षं झाली. अचानक आठवतं, अरे, तेही त्यातच होतं. केवडा, तुम्ही बटण दाबणं थांबवलंत ते फार बरं केलंत.

---

वाटसरू

वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

दुपारचा चहा

पिंपळपान, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा पहिला सल्ला जरा मागे घेतो. डेटा काढून घ्या असं मी एका वाक्यात लिहून मोकळा झालो होतो, जसं काही ते सोपंच आहे.

---

केवडा

अपडेट दोन. शेजारच्या काकांच्या माळ्यावर खरंच एक कॉम्प्युटर निघाला! त्यांच्या मुलाचा, तो आता दुबईला असतो. त्यातला एसएमपीएस काढला. मामांनी सांगितल्याप्रमाणे डिस्क बाहेरच ठेवली. लाल पट्टी नव्हती. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा, दोन्ही लावले. आधी छोटा लावायचा राहिला होता, भाच्याने फोटो बघून दाखवून दिला.

बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एक छोटा बीप आला. बाबा पेपर ठेवून उठले.

मग प्लग काढून डिस्क जोडली, पुन्हा सुरू केला, आणि आता नवीनच प्रकार. सुरुवातीला इंग्रजीत काहीतरी लिहून येतं, एफ वन दाबा म्हणून. दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं, चार रंग जवळ येतात, आणि अर्धा क्षण निळा पडदा चमकून पुन्हा पहिल्यापासून. सतत तेच. एफ एट दाबून सेफ मोडही करून बघितला, तिथेही तसंच. डिस्क फिरण्याचा आवाज व्यवस्थित येतोय. आता विंडोज गेलं का?

---

रात्रपाळी

विंडोज पुन्हा टाकावं लागेल असं दिसतंय. रिपेअर करून बघा.

---

गणितवेडी

थांबा! काहीही रिपेअर करू नका, इन्स्टॉल तर मुळीच नको.

केवडा, दोन गोष्टी सांग. एक, एफ वनच्या पडद्यावर 'सीमॉस' हा शब्द आहे का? दोन, सुरू होताना डिलीट दाबत राहा, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामचा पडदा येईल, त्यात तारीख काय दिसते?

---

केवडा

हो, सीमॉस चेकसम असं काहीतरी आहे. आणि तारीख १ जानेवारी २०१२! हा कॉम्प्युटर तर घेतलाच २०१३ मध्ये.

---

गणितवेडी

मग मला वाटतं सापडलं. विंडोज आणि डिस्क दोन्ही बहुधा ठणठणीत आहेत.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज तिच्यावर टिकतात, त्या साठवायची जागा म्हणजे सीमॉस. तुमची ती कधीच संपली असणार. पण कुणाला कळलं नाही, कारण भिंतीवरचं बटण चालू असलं की कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस बोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार देत राहतो, आणि घड्याळ त्याच्यावर चालतं. बाबा भिंतीवरचं बटण बंद करत नसणार.

आता एसएमपीएस बदलायला तू प्लग काढलास. बॅटरीत जीव नव्हता, सेटिंग्ज पुसल्या गेल्या, बोर्ड कारखान्यातून आला तसा झाला, २०१२ ची तारीख त्याच्या जन्माची. त्या सेटिंग्जमध्ये एक आहे 'साटा मोड'. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते तिथे ठरतं: आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज सेव्हन ज्या पद्धतीत बसवलं असेल त्याच पद्धतीत सुरू होतं. दुसरी दिली की चिन्ह येतं, निळा पडदा चमकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. अगदी तू वर्णन केलंस तसं. सेफ मोडही चालत नाही, कारण डिस्कपर्यंत पोचताच येत नाही.

बायोसमध्ये साटा मोड शोध. आत्ता आयडीई असेल तर एएचसीआय कर, एएचसीआय असेल तर आयडीई. तारीख-वेळ नीट कर. एफ टेन दाबून सेव्ह कर. बाकी कशालाही हात लावू नको. आणि बॅटरी बदलेपर्यंत प्लग काढू नको.

---

सोल्डरमामा

वा! गणितवेडी, दुकान चालू असतं तर तुला बोलावून घेतलं असतं. यावर किती गिऱ्हाइकांचं विंडोज उगाच पुन्हा टाकलं गेलं असेल याचा हिशेब नाही. मीही सुरुवातीच्या काळात टाकलंय, आणि त्याची खंत आहे.

---

तात्या वायरमन

म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय असती तर बॅटरी संपल्याचं आधीच कळलं असतं.

---

पावशेर मीठ

तात्या, आमच्याकडे वीज पडायच्या भीतीने ढग गडगडला की सगळे प्लग काढतात. कुडाळला न काढणारं घर विरळाच. केवडा, बाबांना विचार.

---

केवडा

बाबा म्हणतात, इन्व्हर्टर घेतल्यापासून सोडलं. इन्व्हर्टर २०१६ चा.

मोड आयडीई होता. एएचसीआय केला. एफ टेन.

लागला.

लिहायला हात थरथरतायत. विंडोजचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं आणि आतल्या खोलीतून आई बाहेर आली, पिठाचे हात घेऊन. तिला नुसत्या आवाजावरून कळलं. डेस्कटॉपवर देवीच्या देवळाचा फोटो आहे, तो दिसला. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, फोल्डर उघडलं आणि सरळ शेवटच्या फाइलवर गेले. मी म्हटलं बाबा, आधी कॉपी. तर म्हणाले, "एक चूक राहिली होती, ती करू दे."

मग सगळं दोन पेन ड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर घेतलं. ४१ फाइली.

पण लॅपटॉपवर फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात, मराठी कुठेच नाही. बाबांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसते. आता हे काय?

---

अक्षरजुळारी

अखेर माझं काम आलं! तीस वर्षं डीटीपी करते आहे.

बाबा श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप करत असणार. युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीच्या आधीची पद्धत. त्यात 'क' हे खरं म्हणजे 'क' म्हणून साठवलेलं नसतं, कुठलं तरी रोमन अक्षर किंवा खूण साठवलेली असते आणि फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा निघतो आणि आतलं दिसतं. फाइल बिघडलेली नाही.

पण इथे लक्ष द्या. आज बाबांचा कॉम्प्युटर चालू आहे, तोवर प्रत्येक फाइल पीडीएफ करून घ्या, फॉन्ट आत बसवून. म्हणजे बाबांनी मांडलं तसं, ओळीला ओळ, कुठेही दिसेल. वंशावळीच्या रेषा, रकाने, सगळं. उद्या मशीन पुन्हा रुसलं तर हा मुखवटा परत मिळवणं जड जाईल.

मग सावकाश युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण त्यावर विसंबू नका. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. रफार निसटतो. 'र्‍या' बिघडतो. जोडाक्षरं तुटतात. कुळवृत्तांतात तर सगळी माणसांची आणि गावांची नावं. 'सूर्याजी'चा 'सूयाजी' झाला तर तो माणूस पुढे कुणाला सापडणार नाही. पीडीएफ शेजारी उघडून एकेक नाव ताडून बघा. शक्य असेल तर बाबांना मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर बघा.

---

निळासागर

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या वडिलांच्या कवितांच्या फाइली अशाच दिसतात, मी त्या बिघडल्या समजून बाजूला टाकल्या होत्या. पुसल्या नाहीत, देवाची कृपा. अक्षरजुळारी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

अक्षरजुळारी

करा, नक्की करा. एक फाइल पाठवा, कुठला फॉन्ट आहे ते ओळखायचा प्रयत्न करते.

---

दुपारचा चहा

केवडा, फार आनंद झाला. मूळ प्रश्नाकडे येतो, म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादाकडे. आता माझं म्हणणं असं: नवीन एसएमपीएस घ्या, बॅटरी घ्या, हा कॉम्प्युटर बाबांकडे राहू द्या, त्यांचा हात बसलाय. पण त्याला इंटरनेट जोडू नका. विंडोज सेव्हनला २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत. लिखाणापुरतं मशीन म्हणून अजून वर्षानुवर्षं चालेल.

---

सोल्डरमामा

सहमत. एसएमपीएस घेताना अगदी स्वस्त, हाताला हलका लागणारा घेऊ नका, हातात तोलून बघा. बॅटरी बदलताना जुनीवर अधिकचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे ते बघून तशीच बसवा. बसवल्यावर साटा मोड परत एकदा तपासा. आणि शेजारच्या काकांचा एसएमपीएस परत करताना लाडू घेऊन जा.

---

केवडा

मोदक दिले. काका म्हणाले, एसएमपीएस ठेवूनच घ्या, माळ्यावर नुसता पडलाय. पण तोही जुनाच, म्हणून नवीन मागवला आहे, बॅटरीसकट. भाच्याने कागदावर मोठ्या अक्षरांत 'साटा मोड एएचसीआय' लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे.

वायरमन येऊन गेले, तात्या. खड्डा मागच्या माडाजवळ केला. आईने विचारलं, मिठाने माड मरेल का, म्हणून मग दहा फूट लांब घेतला.

१७ फाइलींचं पीडीएफ झालं. रात्री जेवण झालं की मी पडद्यावरचं मोठ्याने वाचते आणि बाबा ऐकतात. काल कन्व्हर्टरने सातव्या पिढीतल्या एका बाईंच्या नावातला रफार खाल्ला होता, तो बाबांनी न बघता नुसत्या माझ्या वाचण्यावरून पकडला. मग त्या बाई कोण, कुठून आल्या, लग्नात कुठल्या होडीतून आल्या, हे सांगत बसले. फाइलमध्ये त्यांचं फक्त नाव आहे. बाकीचं मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. उरलेल्या २४ फाइलींसाठी रजा आठवडाभर वाढवली आहे.